दसरा काढताना आजारही बाहेर काढा



पाऊस ओसरायला लागला की आमच्या कुंभार पिंपळगावात ओट्याओट्यावर एकच प्रश्न ऐकू येतो, ‘औंदा दसरा कवा काढायचा?’ मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, दसरा काढणं म्हणजे घरातलं एकूणएक सामान अंगणात आणायचं, गोधड्या-वाकळा धुवायच्या, भांडी घासायची, भिंती झाडून चुना मारायचा आणि सगळं पुन्हा आत लावायचं. आपल्या घरात आता घट बसत नाहीत. पण अशोक विजयादशमी आणि १४ ऑक्टोबर आहेच, त्यामुळं दसरा काढणं काही सुटलेलं नाही. घर लख्ख करून, पांढरी साडी नेसून विहारात जायचं, हे माझ्या आईपासून चालत आलंय.

आरोग्याच्या पानावर हा विषय का, असं कुणी विचारेल. मी जीएनएम करून पंधरा वर्षं वार्डात काढली. खाटेवर आलेल्या कितीतरी माणसांच्या दुखण्याचं मूळ त्यांच्याच घरातल्या एखाद्या सांदीत होतं, हे मला तिथं कळलं.

एक रात्र विसरता येत नाही. दहा-अकरा वर्षांचा मुलगा, पहाटे पोटात कळा येतात म्हणून आणलेला. अंगावर कुठं सूज नाही, जखम नाही. आम्ही पोटदुखीचं औषध दिलं आणि झोपवलं. तासाभरानं त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, थुंकी गिळता येईना, आवाज नाकातून यायला लागला. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, ‘रात्री कुठं झोपला होता?’ खाली, पोत्यांच्या थप्पीला लागून. मण्यार होती. लस सुरू केली, श्वासाच्या मशीनसाठी मोठ्या दवाखान्यात हलवलं, पोरगं वाचलं. दुसऱ्या दिवशी घरच्यांनी पोती हलवली, तर खाली साप निघाला. तो तासभर आम्ही गमावला होता, ही चूक आमची. पण ती थप्पी झोपायच्या जागेला लागून होती, हेही तितकंच खरं.

मण्यार रात्री फिरते. तिचा चावा बहुतेकदा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. खाली झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी, जड पापण्या, गिळायला त्रास असं काही सांगायला लागला, तर चाव्याची खूण शोधत बसू नका. १०८ला फोन करा. आवळून बांधू नका, चिरू नका, मांत्रिकाकडं नेऊ नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच लस चालते, आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. साप मारून किंवा धरून आणायची गरज नाही.

आता अडगळीकडं येते. शहरातल्या पुस्तकांत आणि व्हिडिओत सांगतात की वर्षभर वापरली नाही ती वस्तू टाकून द्या. मला हे आपल्या घरांना लागू होत नाही असं वाटतं. पत्र्याचा गंजका तुकडा पुढच्या पावसात गळतं छप्पर झाकतो. फाटक्या लुगड्याची वाकळ होते. दोरी, खोकं, युरियाचं पोतं, सगळ्याला दुसरा जन्म असतो. ज्यांच्या आज्यापणज्यांना अंगावरचं कापडसुद्धा दुसऱ्याचं उतरलेलं मिळत होतं, त्यांच्या लेकीसुनांना ‘टाकून द्या’ म्हणणं सोपं आहे, टाकणं सोपं नाही. आणि घर केवढं? रमाई आवासचं घरकुल म्हणजे २६९ चौरस फूट. त्यात चूल, झोपणं, अभ्यास, पाहुणे आणि दिवाळीच्या आधी येणारं सोयाबीन.

म्हणून मी बायकांना वेगळा प्रश्न विचारायला सांगते. ठेवायचं की टाकायचं हे नंतर बघू. आधी बघा, वस्तू आहे कुठं? जमिनीला टेकलेली, भिंतीला चिकटलेली आणि अंथरुणाच्या जवळची, या तीन ठिकाणची अडगळ आजार आणते. तीच वस्तू विटांवर फळी टाकून वीतभर उंच ठेवली, भिंतीपासून हातभर पुढं ओढली, मागून झाडू फिरेल एवढी जागा ठेवली, तर तिचा धोका बराच उतरतो. धान्याची पोती खाली असली की उंदीर येतात, उंदरामागं साप. सरपण, पऱ्हाट्या, तुराट्या घराच्या भिंतीला लावून रचू नका, अंगणाच्या पार कडेला न्या. बाज असेल तर बाजेवर झोपा. नसेल तर खाली झोपा, पण मच्छरदाणी लावा आणि तिची कड अंथरुणाखाली चहूबाजूंनी खोचा. एवढी साधी जाळी डास, विंचू आणि साप या तिघांनाही अडवते.

विंचवाचं नाव निघालंच आहे तर आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट. भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर शिकून महाडकडं नोकरीला गेले. तांबडा विंचू चावल्यावर हृदयावर ताण येऊन माणसं, विशेषतः लेकरं दगावत होती. बावस्करांनी प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी त्यावर वापरून दाखवली आणि मरणारी माणसं वाचायला लागली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जालन्याच्या खेड्यातल्या पोरानं जगाला दिलेला हा उपचार आहे. म्हणून विंचू चावल्यावर लेकराला दरदरून घाम आला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर उतारा करत बसू नका. दसरा काढताना विटा, दगड, जुन्या चपला, गोणपाट उचलायचं असेल तर आधी काठीनं हलवा, मगच हात घाला.

साप-विंचवापेक्षा मला ज्या कोपऱ्याची जास्त भीती वाटते तो वेगळाच आहे. कपाशीच्या, मोसंबीच्या आपल्या या भागात विषाला ‘औषध’ म्हणतात. फवारणीचं औषध, उंदराचं औषध, गवताचं औषध. तेच कपाटाच्या वरच्या फळीवर खोकल्याच्या बाटलीशेजारी ठेवलेलं मी पाहिलंय. थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेलंही पाहिलंय. तहानलेल्या लेकरानं ती बाटली तोंडाला लावायला किती वेळ लागतो? दसऱ्याला घर काढाल तेव्हा घरातली सगळी ‘औषधं’ एका जागी गोळा करा. विष मूळ डब्यातच राहू द्या आणि पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून राहत्या खोलीबाहेर ठेवा. किल्ली एकाच माणसाकडं नको, पण सगळ्यांच्या हाताशीही नको. रिकामा डबा तीनदा खळबळून ते पाणी पंपात ओता, मग डब्याला भोकं पाडा, म्हणजे कुणी त्यात पाणी किंवा तेल भरणार नाही. कुणाच्या पोटात विष गेलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. डबा बरोबर घ्या आणि दवाखाना गाठा. डब्यावरचं नाव वाचून डॉक्टरांचा बराच वेळ वाचतो.

कुलूप लावा म्हणते त्याचं दुसरंही कारण आहे, तेही उघड बोलू. आपल्याकडं ‘अमक्यानं औषध घेतलं’ याचा अर्थ काय होतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. कर्जाचा, भांडणाचा, दारूचा तो एक क्षण असतो. त्या क्षणी विष हाताशी नसलं तर क्षण टळू शकतो. घरात कुणी गप्प गप्प झालं असेल, जगण्यात राम नाही असं बोलत असेल, तर १४४१६ हा टेलीमानसचा नंबर आहे. रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

दवाखान्याच्या गोळ्यांचंही तसंच. मुदत संपलेल्या, अर्ध्या राहिलेल्या गोळ्या पाकिटातून काढून राखेत किंवा मातीत कालवा, कागदात बांधून कचऱ्यात टाका. टीबीच्या गोळ्या उरल्या असतील तर त्या आशाताईंकडं द्या आणि का उरल्या तेही सांगा.

पाण्याचं थोडक्यात. कूलर, जुने टायर, फुटके माठ, फ्रीजच्या मागचा ट्रे, कोंबड्यांचं भांडं, यांत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. आरोग्य खातं आठवड्याला कोरडा दिवस पाळायला सांगतं ते यासाठीच. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कित्येक महिने कोरडी राहतात आणि पाणी भरलं की फुटतात. रांजण, ड्रम आतून काथ्यानं घासा. आमच्या गावाच्या नावातच कुंभार आहे, घरोघरी रांजण आहेत, म्हणून हे मी दरवर्षी सांगते आणि बायका दरवर्षी हसतात.

चुना कालवताना लेकरं लांब ठेवा. डोळ्यात शिंतोडा उडाला तर चोळू नका, वीस मिनिटं पाण्याच्या धारेखाली डोळा धुवा आणि दवाखान्यात जा. संडासचं अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधी एकत्र करू नका, त्यातून निघणारा वायू छाती जाळतो. उंदराच्या लेंड्या सुक्या झाडू नका. ब्लीचिंगचं पाणी शिंपडून थोड्या वेळानं ओल्या फडक्यानं उचला.

टाकायचं नाही अशी एकच गोष्ट आहे, कागद. ट्रंकेच्या तळाचे पिवळे पडलेले कागद भंगारवाल्याला किलोवर जातात, आणि दोन वर्षांनी नातीच्या जात पडताळणीसाठी अख्खं घर तालुक्याला चकरा मारतं. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख बघतात. त्याआधीचा आजोबाचा शाळेचा दाखला, प्रवेश-निर्गमाचा उतारा, जमिनीचा जुना कागद म्हणजे सोनं. आपण १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होतो, तेव्हाचे कागद उर्दूत असतात. वाचता येत नाही म्हणून फेकू नका. सगळे कागद आणि लेकरांची लसीकरणाची कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत घालून एका डब्यात ठेवा. जुने ‘प्रबुद्ध भारत’, गायन पार्टीच्या हातानं लिहिलेल्या वह्या, दीक्षेच्या वेळचे फोटो निघाले तर विहारात दाखवा.

आता हे करायचं कसं? आमच्या विहारातल्या बायकांचा फोनवर गट आहे. पुण्याला, वाळूजला गेलेल्या लेकीसुनाही त्यात आहेत. तीन वर्षांपूर्वी ठरवलं की रोज एकच कोपरा काढायचा. आज चुलीची मांडणी, उद्या पलंगाखालचं, परवा पाण्याची भांडी. झालं की फोटो टाकायचा. पहिले चार दिवस कुणीच फोटो टाकला नाही. मला वाटलं कंटाळा. मग एकीनं बाजूला घेऊन सांगितलं, ‘ताई, माझ्या घराच्या भिंतीला गिलावा नाही, मी काय दाखवू?’ तेव्हा मी माझ्याच पलंगाखालचा फोटो टाकला. जुने जोडे, फुटकी बादली, कोळ्याची जाळी, सगळं दिसत होतं. त्या रात्री अकरा फोटो आले. नियम दोनच ठेवले. फोटो फक्त कोपऱ्याचा, घराचा नाही. आणि कुणाच्या कोपऱ्यावर नाक मुरडायचं नाही. ज्यांच्याकडं मोठा फोन नाही त्यांच्या घरी आम्ही दोघी-तिघी जातो आणि हात लावतो. एकट्या म्हाताऱ्या बाईची ट्रंक तिला एकटीला कधीच हलत नाही.

ओली गोधडी किती जड असते ते धुणारीलाच माहीत. पाळी चालू असलेली, दिवस गेलेली, अंग बाहेर येणारी, पिशवी काढलेली, अशा कितीतरी जणी दसऱ्याच्या धुण्याला उभ्या असतात. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा विषय विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आपल्या घनसावंगी-अंबडकडच्या बायाही त्याच फडात असतात. गोधडी दोघींनी धरून पिळा, वाकून उचलू नका, गुडघ्यात बसून उचला. आणि पुरुषांना बोलवा. २० जुलै १९४२ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्वच्छ राहायला सांगितलं, हे आपण वारंवार सांगतो. त्याच भाषणात बायकोनं नवऱ्याची गुलाम होऊ नये, बरोबरीनं उभं राहावं असंही ते बोलले, ते मात्र सांगायचं राहून जातं. बरोबरीनं उभं राहायचं तर ट्रंकेची दुसरी कडी त्यानं धरावी.

उचल घेऊन कोयत्यावर जाणाऱ्या कुटुंबांसाठी शेवटचं. तुम्ही दसरा काढता आणि थोड्याच दिवसांत घराला कुलूप लावून पाच-सहा महिने निघून जाता. जाताना पाण्याची सगळी भांडी कोरडी करून पालथी घाला. धान्य झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवा. गोधड्या जमिनीवर थप्पी लावू नका, दोरीवर टांगा. दाराखालची फट जुन्या कापडानं बुजवा. कागदाचा डबा बरोबर न्या, लसीकरणाचं कार्ड कारखान्याच्या गावातही लागतं. उन्हाळ्यात परत आलात की एकदम आत शिरू नका. दिवसाउजेडी दार उघडा, बाहेर उभं राहून काठीनं चौकट आणि भांडी ठोका, तासभर दारं-खिडक्या मोकळ्या राहू द्या, लेकरांना शेजारी बसवा. पहिल्या रात्री अंथरूण टाकायच्या आधी प्रत्येक गोधडी अंगणात झटका.