गमतीच्या प्रश्नावल्यांचा कौल

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका वर्गांत एक छापील प्रश्नावली हातोहात फिरत होती. मित्र, पैसा, कीर्ति, करमणूक व आईबाप यांपैकीं तुम्हांस अधिक प्रिय कोण, तें अनुक्रमानें आंकडे घालून दाखवा, असा तिचा मासला. एका मुलानें हंसत हंसत आईबापांपुढें चारचा आंकडा घातला, व तो कागद त्याच्या पुस्तकांतच राहिला. रात्रीं तो वडिलांच्या दृष्टीस पडला. दुसरे दिवशीं ते सद्गृहस्थ शाळेंत आले. “मास्तर, आमचें कांहीं चुकलें काय?” एवढेंच त्यांनीं विचारिलें. त्यांची मुद्रा पाहून, असल्या प्रश्नावल्यांचें खरें मोल किती हें विद्यार्थ्यांस व पालकांस समजावून सांगावें, असें आम्हांस वाटलें.

पहिला प्रश्न असा कीं, उत्तरें देतो कोण? अमेरिकेंत अ‍ॅन लँडर्स या नांवानें वर्तमानपत्रांतून सल्ला देणाऱ्या एक प्रसिद्ध लेखिका होत्या. त्यांनीं 1975 सालीं वाचकांस विचारिलें कीं, आयुष्य पुन्हां आरंभापासून जगावयास मिळालें, तर तुम्ही मुलें होऊं द्याल काय? सुमारें 10,000 उत्तरें आलीं, व त्यांत शेंकडा 70 जणांनीं ‘नाहीं’ असें कळविलें. पुष्कळांस धक्का बसला. परंतु 1976 सालीं ‘न्यूजडे’ या वर्तमानपत्रानें, चिठ्ठ्या टाकून नांवें काढावीं तशा रीतीनें निवडलेल्या आईबापांस हाच प्रश्न केला, तेव्हां शेंकडा 91 जणांनीं ‘होय’ म्हटलें. पत्रें लिहिणारे खोटें बोलत होते असें नव्हे. ज्याचें काळीज दुखावलें आहे तो कागद-लेखणी घेऊन बसतो. जो सुखी आहे तो मुलांस जेवूं घालून दिवा मालवतो.

उत्तरांची संख्या वाढली म्हणजे हा दोष जातो काय? मुळींच नाहीं. 1936 सालीं ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकन साप्ताहिकानें अध्यक्षाच्या निवडणुकीपूर्वीं सुमारें 1 कोटी मतपत्रिका टपालानें धाडिल्या. त्यांपैकीं 20 लाखांहून अधिक परत आल्या, व त्यांवरून लँडन हे निवडून येणार असें भाकीत झालें. प्रत्यक्षांत रूझवेल्ट यांनीं 48 पैकीं 46 संस्थानें जिंकिलीं. कारण, नांवें बव्हंशीं टेलिफोनच्या व मोटारीच्या मालकांच्या याद्यांतून घेतलीं होतीं. शिवाय उत्तर धाडण्याची उत्सुकता रूझवेल्ट यांच्या विरोधकांस अधिक होती. शितावरून भाताची परीक्षा होते हें खरें. परंतु ती पातेलें ढवळल्यावर. वरवरचीं शितें शेराच्या मापानें घेतलीं, तरी तळचा भात करपला कीं काय हें कळावयाचें नाहीं.

दुसरा प्रश्न असा कीं, मनुष्य लिहितो तेंच करतो काय? रिचर्ड लापियर या समाजशास्त्रज्ञानें एका तरुण चिनी जोडप्याबरोबर अमेरिकेंत दूरवर प्रवास केला, व त्याचा वृत्तांत 1934 सालीं प्रसिद्ध केला. त्या काळीं तेथें चिनी लोकांविषयीं मोठा दुजाभाव असे. तरी 251 उपाहारगृहें व मुक्कामाच्या जागा यांपैकीं एकाच ठिकाणीं त्यांस नकार मिळाला. पुढें कांहीं महिन्यांनीं त्याच मालकांस पत्रें पाठवून, चिनी पाहुणे आल्यास जागा द्याल काय, असें विचारिलें. तेव्हां उत्तर देणाऱ्यांत शेंकडा 90 हून अधिकांनीं ‘नाहीं’ असें लिहिलें! कागदावरच्या अनोळखी माणसास नकार देणें सोपें. दारांत उभ्या असलेल्या हंसतमुख पाहुण्यास तो देणें कठीण.

तिसरा दोष प्रश्नाच्या घडणींतच असतो. मित्र व आईबाप यांस एकाच तराजूंत घाला असें सांगितलें, म्हणजे ज्यानें असें वजन कधींही केलें नव्हतें त्यासही आंकडा लिहावाच लागतो. त्यांतून शेजारीं मित्र डोकावून पाहत असला, तर मग विचारावयासच नको!

सर्वच पाहण्या त्याज्य आहेत, असें आमचें म्हणणें नाहीं. आपल्या देशांतही प्राध्यापक महालनोबिस यांच्या पुढाकारानें 1950 सालीं राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तींत घरें शास्त्रीय रीतीनें निवडून माहिती गोळा केली जाते. म्हणून कोणताही कौल वाचतांना विद्यार्थ्यांनीं तीन गोष्टी विचाराव्या: उत्तर देणारे कसे निवडले? प्रश्न कोणत्या शब्दांत विचारिला? आणि उत्तर देणाऱ्यांची कृति कोणीं पाहिली आहे काय?

त्या सद्गृहस्थांस आम्हीं इतकेंच विचारिलें, “गेल्या वर्षीं आपण तापानें अंथरुणास खिळलां असतां औषध कोण आणीत असे?” ते क्षणभर थांबले व म्हणाले, “हाच.” प्रभूनें सांगितलेला दोन पुत्रांचा दाखला त्या वेळीं आम्हांस आठवला. एकानें द्राक्षमळ्यांत जाण्याचें नाकारिलें, पण मागाहून तो गेला; दुसऱ्यानें आदरानें होकार दिला, पण तो गेलाच नाहीं. बापाची इच्छा कोणीं पूर्ण केली, हें ठरवावयास प्रश्नावलीची गरज पडली नाहीं.

मुलांनो, गंमत म्हणून आंकडे जरूर घाला. परंतु तो कागद घरीं कोणाच्या हातीं पडेल, याचाही विचार करा. आणि पालकहो, आपल्या मुलाचें मन वाचावयाचें असेल, तर त्याचा कागद बाजूस ठेवून त्याच्या नित्याच्या वागणुकीकडे पाहा.