शेवटचे दहा फूट

केसरबाई केरकरांचा आवाज या घडीला आपल्यापासून सुमारे २,५०० कोटी किलोमीटरवर आहे. ५ सप्टेंबर १९७७ रोजी 'व्हॉयेजर-१' अंतराळात झेपावलं, तेव्हा त्याच्यावरच्या सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीत केसरबाईंची भैरवी होती, 'जात कहाँ हो'. गोव्यातल्या केरी गावच्या या थोर गायिकेने त्यानंतर अकराच दिवसांनी जगाचा निरोप घेतला. यान अजून पृथ्वीशी बोलतं, पण फार सावकाश, सेकंदाला १६० बिट एवढ्या गतीने. ती भैरवी त्याने सीडीच्या दर्जात आपल्याला ऐकवायची ठरवली, तर एका सेकंदाचं गाणं पोचायला २ तास २७ मिनिटं लागतील. साडेतीन मिनिटांची सगळी चीज उतरायला एकवीस दिवस.

तेच गाणं आपण बैठकीत बसून, फोनवर बोट टेकवून लावतो. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट. एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाजाचं माप घ्यायचं, प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी कुठल्या पायरीवर पडतं ते लिहायचं, आणि हे डाव्या-उजव्या कानासाठी वेगवेगळं. तासाभराच्या मैफलीत अशी ३१ कोटी ७५ लाख २० हजार मापं होतात. एवढा पसारा असूनही १०० एमबीपीएसच्या घरगुती लाइनमधून अशा सत्तर मैफली एकाच वेळी वाहू शकतात. मोठ्या स्ट्रीमिंग सेवांकडे आज १० कोटींवर गाणी आहेत. सरासरी चार मिनिटांचं एक धरलं आणि रात्रंदिवस ऐकलं, तर संपायला ७६० वर्षं लागतील. तेवढी वर्षं मागे मोजत गेलं, तर आपण यादवांच्या देवगिरीत पोचतो. शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर' लिहून झालेला आहे आणि ज्ञानेश्वर अजून जन्मायचे आहेत.

हे आकडे मांडण्यामागे माझं म्हणणं एकच आहे. संगीत आपल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत जवळजवळ अभंग येतं. त्याची नासधूस होते ती शेवटच्या दहा फुटांत, स्पीकरपासून कानापर्यंत. आणि पैसा मात्र आपण उंबऱ्याच्या अलीकडे सोडून पलीकडेच ओतत राहतो.

'हाय-रेझ' म्हणून विकल्या जाणाऱ्या २४ बिटच्या फाइलचं उदाहरण घ्या. तिच्यात ६५,५३६ ऐवजी १,६७,७७,२१६ पायऱ्या असतात. ऐकायला भारदस्त वाटतं, पण घरातल्या डॅकमधून, म्हणजे आकड्यांचा विद्युत-सिग्नल करणाऱ्या यंत्रातून, बाहेर पडणाऱ्या दोन व्होल्टच्या सिग्नलचे इतके तुकडे केले, तर एक पायरी व्होल्टच्या तीस लाखाव्या भागाएवढी भरते. एक हजार ओहमचा साधा रेझिस्टर टेबलावर नुसता पडून असला, तरी खोलीच्या उष्णतेने त्यातले इलेक्ट्रॉन थरथरत असतात, आणि त्या थरथरीतून निर्माण होणारा व्होल्टेजचा गोंगाट या पायरीपेक्षा मोठा असतो. म्हणून उत्तमातला उत्तम डॅकही एकवीस बिटांच्या आसपास थांबतो. त्यापुढच्या बिटांत संगीत नसतं, उष्णता असते.

दुसऱ्या बाजूनेही हिशेब करता येतो. सीडीच्या १६ बिटमध्ये सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मावतं, २४ बिटमध्ये १४४ चं. रात्री उशिरा, पंखा बंद असताना, शहरातल्या शांत खोलीतही ३० डेसिबलची कुजबुज असतेच. १४४ डेसिबलचा सगळा पल्ला त्या कुजबुजीच्या वर ऐकायचा म्हटलं, तर १७४ डेसिबलपर्यंत जावं लागेल. कानात कळ येते १२० च्या सुमारास. १७४ डेसिबलच्या आवाजाची तीव्रता त्याच्या अडीच लाखपट असते. २४ बिटचा खरा उपयोग स्टुडिओत आहे. तिथे ध्वनिमुद्रकाला पातळी ठरवताना मोकळीक लागते आणि ती त्याला मिळायलाच हवी. घरी ऐकणाऱ्याला १६ बिट पुरून उरतात. १९२ किलोहर्ट्झच्या वेगाने मापं घेतलेल्या फाइलचंही तसंच. ती फाइल ९६,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर साठवते, पण तरुण कान २०,००० ला थांबतो आणि पन्नाशीनंतर १५,००० च्या वरचं बहुतेकांना फारसं ऐकू येत नाही.

'ऑडिओफाइल' म्हणून हजारो रुपयांना विकल्या जाणाऱ्या नेटवर्क केबलबद्दल तर स्पष्टच सांगतो, घेऊ नका. वाटेत माहितीचं पाकीट हरवलं, तर पाठवणारा कॉम्प्युटर ते पुन्हा पाठवतो. महागड्या तारेतून आलेला आकडा साध्या तारेतून आलेल्या आकड्याहून गोड नसतो.

उंबऱ्यापाशी दोन गोष्टी मात्र तपासाव्यात. एक, सेवेच्या सेटिंगमध्ये 'लॉसलेस' चालू आहे का. २००१ साली आलेल्या फ्लॅकसारख्या पद्धती फाइल जवळपास निम्मी करतात आणि एकही बिट गमावत नाहीत, त्यामुळे डेटाची काळजीही फारशी उरत नाही. दुसरी, ब्लूटूथ. त्याची सर्वसाधारण एसबीसी पद्धत सेकंदाला ३२८ हजार बिटांच्या आसपास चालते, म्हणजे सीडीच्या पाव हिश्शाहूनही कमी. सेवेने एकदा कापलेलं गाणं ब्लूटूथ दुसऱ्यांदा कापतं. घरात वायफाय किंवा साधी तार असताना हे सोसायचं कारण नाही.

आता उंबऱ्याच्या आत येऊ. इथले आकडे जास्त थक्क करणारे आहेत.

माहितीपत्रकावर स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८८ डेसिबल लिहिलेली असते आणि आपण पुढे वाचतो. त्याचा अर्थ असा, की आत गेलेल्या विजेतली फक्त ०.४ टक्के ध्वनी होऊन बाहेर पडते. शंभर वॉट दिले, तर ९९.६ वॉट मुख्यतः कॉइल तापवण्यात जातात. आवाज दुप्पट मोठा वाटायला दहापट शक्ती लागते, त्यामुळे ५० वॉटच्या जागी १०० वॉटचा ॲम्प्लिफायर आणला तर जेमतेम तीन डेसिबल मिळतात. स्पीकरच्या पडद्याचं काम त्याहून अवघड आहे. स्वर एक सप्तक खाली गेला, की तेवढाच आवाज काढायला पडद्याला चौपट हलावं लागतं. माणसाला २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. या दोन टोकांना सारखाच आवाज हवा, तर खालच्या टोकाला पडदा वरच्यापेक्षा दहा लाखपट हलायला हवा. म्हणूनच एका पेटीत लहान-मोठे दोन-तीन स्पीकर बसवतात. चहाच्या कपाएवढ्या 'स्मार्ट स्पीकर'कडून डग्ग्याची घुमक मागणं हा त्या बिचाऱ्या यंत्रावर अन्याय आहे.

स्पीकर चांगला घेतला, तरी खोली उरतेच. १२ बाय १० ची खोली आपल्याकडे सर्रास असते. ४७ हर्ट्झच्या स्वराची लाट २४ फूट लांब असते, म्हणजे बारा फुटांत बरोबर अर्धी मावते आणि समोरासमोरच्या दोन भिंतींत अडकून उभी राहते. हे स्वतः अनुभवण्यासारखं आहे. फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट ॲप घ्या, खालपर्यंत उतरणारे स्पीकर असतील तर त्यांच्यावर ४७ हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा आणि एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत सावकाश चालत जा. भिंतीशी सूर छातीत घुमतो, खिडकीची काच किणकिणते. तीन-चार फूट पुढे आलं की तो ओसरू लागतो. सहा फुटांवर, खोलीच्या मध्यावर, तो जवळजवळ नाहीसा होतो. यंत्राचं एकही बटण हललेलं नसतं. चार पावलं पुढे गेलं, की सूर पुन्हा अंगावर येतो.

लहान खोल्यांत खर्जाचे असे चढउतार २० डेसिबलपर्यंत सहज जातात, म्हणजे शक्तीच्या भाषेत शंभरपट. साधा, परवडणारा डॅक सगळे स्वर ०.१ डेसिबलच्या आतल्या फरकाने देतो, म्हणजे शक्तीत दोन टक्के. दोन टक्क्यांचा दोष काढायला आपण पन्नास हजार मोजतो आणि शंभरपट दोष देणाऱ्या खोलीत दिवाण भिंतीला टेकवून ऐकतो. मला या सगळ्या व्यवहारात सर्वांत जास्त टोचतं ते हेच.

उपाय बहुतेक फुकट आहेत. बसायची जागा मध्यावरून आणि मागच्या भिंतीवरूनही हलवा. बारा फुटांत मागच्या भिंतीपासून साडेचार फूट ही चांगली सुरुवात. स्पीकर कपाटावरून किंवा शोकेसमधून खाली आणा, वरचा छोटा स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणा, आणि दोन स्पीकर नि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण होईल असं बसा. उघड्या लादीवर जाड सतरंजी आणि भिंतीला पुस्तकांचं कपाट आलं, की तारस्वरांचा खणखणाट उतरतो. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्यात अर्थ नाही. आवाज शोषायला थराची जाडी लाटेच्या साधारण पाव भाग लागते, आणि १०० हर्ट्झला हा पाव भागच ८६ सेंटीमीटर भरतो. माइकने खोली मोजून आवाज सुधारणारी ॲप्स उंचवटे छान कापतात. खड्डे मात्र त्यांना भरता येत नाहीत, कारण २० डेसिबलचा खड्डा भरायला शंभरपट शक्ती लागेल, तीही ज्यातले ०.४ टक्केच ध्वनी होतात अशी.

शेवटचा इंच कानाचा. अगदी हळू आवाज ऐकताना कानाचा पडदा हायड्रोजनच्या अणूच्या व्यासापेक्षाही कमी हलतो. तिथपासून कळ येणाऱ्या आवाजापर्यंत तीव्रतेत एक लाख कोटी पटींचा फरक पडतो, आणि हा सगळा पल्ला तोच कान पेलतो. आवाजाची खबर मेंदूकडे धाडणाऱ्या केशपेशी एका कानात साडेतीन हजारांच्या आसपास असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे, की ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त ४ तास. खोली नीट लावली, की ७०-७५ डेसिबललाही आलाप भरून येतो. तेवढ्यावरच ऐका.