रांझ्याच्या पाटलाचा निवाडा



पुण्याच्या दक्षिणेस, भोर तालुक्यांत, रांझें नांवाचें एक गांव आहे. इ. स. १६४६ च्या २८ जानेवारीचें, या गांवच्या पाटिलकीसंबंधीं शिवाजी महाराजांचें एक पत्र प्रसिद्ध आहे. महाराजांस त्या वेळीं सोळावें वर्ष चालू होतें. गांवचा मोकदम बाबाजी भिकाजी गुजर याच्या हातून ‘बदअमल’ घडला. तो शाबीत झाल्यावर त्याचे हातपाय तोडण्यांत आले, पाटिलकी काढून घेण्यांत आली, आणि ती पुढें सोनजी बजाजी गुजर या त्याच्याच भाऊबंदास मिळाली. पाटलानें एका स्त्रीची अब्रू घेतली, ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों.

तथापि पत्र बारकाईनें पाहिलें असतां एक गोष्ट ध्यानांत येते. ‘बदअमल’ म्हणजे गैरवर्तन. हा शब्द मोघम आहे. ज्या स्त्रीवर अत्याचार झाला असें परंपरा सांगते, तिचें नांव त्यांत नाहीं, तिची फिर्यादही नाहीं. पाटलाचें नांव आहे, त्याच्या बापाचें आहे, वतन घेणाराचें आहे. असें कां व्हावें?

याचें उत्तर त्या काळच्या न्यायकल्पनेंत सांपडतें. मनूनें व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं, त्यांत ‘स्त्रीसंग्रहण’ हें एक आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वरानें इ. स. ११०० च्या सुमारास लिहिलेली ‘मिताक्षरा’ महाराष्ट्रांत दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. तिच्यांतही हें प्रकरण आहे. व्यभिचार आणि बलात्कार या दोहोंचा विचार या एकाच सदराखालीं होई. स्त्रीची संमति होती कीं नव्हती, हा भेद शास्त्रकारांस ठाऊक होता; परंतु दंड ठरवितांना पुरुषाचा वर्ण कोणता, स्त्रीचा कोणता, ती कोणाच्या रक्षणांत होती, हे प्रश्न पुढें येत. गुन्हा स्त्रीच्या देहावर घडे. अपराध मात्र तिच्या रक्षणकर्त्या पुरुषाचा झाला, असें धरलें जाई.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. इंग्लंडांतील मध्ययुगीन कायद्यांत ‘राप्टस’ या एकाच लॅटिन शब्दानें स्त्रीला पळवून नेणें आणि तिच्यावर बलात्कार करणें हे दोन्ही गुन्हे दर्शविले जात. १२७५ च्या कायद्यानें तेथें दोन वर्षांची कैद सांगितली, १२८५ च्या कायद्यानें देहान्ताची शिक्षा आणली. फिर्यादी स्त्रीनें तत्काळ आरडाओरडा केला पाहिजे, फाटलेलें वस्त्र व जखमा दाखविल्या पाहिजेत, अशी तेथील जुन्या पद्धतीची अपेक्षा होती.

आपल्या परंपरेंत निराळा सूरही आहे. बलात्कार झालेल्या स्त्रीचा त्याग करूं नये, असें वसिष्ठधर्मसूत्र स्पष्ट सांगतें. देवलस्मृति तिला शुद्धीची वाट देते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनें १९३० पासून प्रसिद्ध केलेल्या म. म. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासांत जिज्ञासूंस हा विषय विस्तारानें पाहतां येईल. पण येथेंही शुद्धि करावयाची ती स्त्रीनेंच! पेशवाईंत ‘बदकर्म’ शाबीत झालेल्या स्त्रियांस किल्ल्यावर कैदेंत ठेवीत किंवा कुणबीण करून राबवीत. पुरुष बहुधा दंड भरून सुटे.

या सर्वांच्या मुळाशीं पुरुषार्थाची एक कल्पना होती. जो आपल्या घरच्या स्त्रीचें रक्षण करील तो मर्द. आणि म्हणूनच दुसऱ्याची मर्दुमकी मोडावयाची तर त्याच्या स्त्रीला हात घालावा, हा त्या कल्पनेचाच उलटा अर्थ झाला.

या दृष्टीनें रांझ्याच्या निवाड्याचें महत्त्व दिसून येतें. गांवचा तंटा पाटलापुढें यावयाचा. गोतसभेंत तोच प्रमुख. रक्षकच भक्षक झाला, तर गरिबानें दाद मागावी कोठें? सत्ता हाच ज्याचा पुरुषार्थ, त्याला सत्तेपासून दूर करणें, हा या शिक्षेचा गाभा आहे. अवयवच्छेद ही त्या कठोर काळाची रीत होती. वतनदारासही ती चुकली नाहीं, हें विशेष. मात्र वतन त्याच कुळांत राहिलें, आणि त्या स्त्रीस काय मिळालें, याविषयीं पत्र मौन धरतें.

रक्षकाचा प्रश्न तेथेंच संपला नाहीं. १९७२ सालीं तेव्हांच्या चंद्रपूर जिल्ह्यांत, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यांत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिच्या अंगावर जखमा नाहींत, इत्यादि कारणें देऊन सर्वोच्च न्यायालयानें दोघां पोलिसांस सोडलें. १९७९ सालीं कायद्याच्या चार अध्यापकांनीं या निकालाविरुद्ध खुलें पत्र लिहिलें. त्यांत पुण्याच्या वसुधा धागमवार होत्या. १९८३ सालीं कायदा बदलला: पोलिसांच्या ताब्यांतील स्त्रीशीं संबंध आल्याचें सिद्ध झालें, आणि संमति नव्हती असें तिनें न्यायालयांत सांगितलें, तर न्यायालयानें तें गृहीत धरावें. तिचें नांव प्रसिद्ध करणें हाही त्याच वेळीं गुन्हा ठरला.

रांझ्याच्या पत्रांतही नांव नाहीं. पण या दोन मौनांत मोठें अंतर आहे. तेथें तिला पक्षकारच मानलेलें नव्हतें. येथें नांव झांकलें जातें तें तिच्या रक्षणासाठीं, आणि न्याय तिच्या शब्दावर उभा राहतो. निदान राहावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे.