जुनी हिमालयन की नवी? आधी पडायचा हिशेब करा!

कॉलेजच्या कट्ट्यावर दोन बाइकवेडे जमले की हा वाद ठरलेला. ऑफ-रोडिंगसाठी सेकंड हँड हिमालयन ४११ घ्यायची, की घरच्यांना हप्त्यांचं गणित पटवून थेट नवी ४५०?

कागदावर सामना एकतर्फी आहे. २०१६मध्ये आलेल्या ४११ची ताकद साधारण २४ बीएचपी, गिअर पाच. २०२३च्या ४५०मध्ये सुमारे ४० बीएचपी, सहा गिअर आणि लिक्विड कूलिंग. मागच्या सस्पेन्शनचा ट्रॅव्हलही १८० मिलिमीटरवरून २००वर गेलाय. हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करायचं असेल तर नवीच भारी, प्रश्नच नाही.

पण डांबर संपलं की गणित बदलतं. चिखलात, सुट्या दगडांत नवख्याचा वेग जेमतेम सायकलएवढा. तिथे ४० बीएचपी वापरणार कुठे? ४११चं इंजिन लाँग स्ट्रोकचं, त्यामुळे ते कमी आरपीएमलाही शांतपणे ओढत राहतं. तिची सीट ८०० मिलिमीटरवर, नवीची ८२५वर. उंची बेताची असेल तर हा एक इंच म्हणजे पाय टेकणं आणि आडवं होणं यातला फरक!

४११ बघताय? मग २०२०नंतरचं बीएस-६ मॉडेल शोधा. त्यात मागच्या चाकाचं एबीएस बंद करता येतं. मातीच्या उतारावर एबीएस ब्रेक सोडत राहतं आणि बाइक थांबायचं नावच घेत नाही, तेव्हा ही सोय कामाला येते. ४५०मध्ये ती आहेच.

आता मुद्द्याचं. ऑफ-रोडला तुम्ही पडणार, हे नक्की. दोन्ही हिमालयन दोनशे किलोंच्या जवळपास आहेत. दिवसातून पाचव्यांदा चिखलातून उचलताना मॉडेलचं साल आठवत नाही, फक्त कंबर आठवते. त्यामुळे अगदीच नवशिके असाल तर साधारण १६० किलोंची एक्सपल्स २०० ४व्हीसुद्धा चालवून बघा.

आणि हो, जुनी घेऊन वाचलेले पैसे एक्झॉस्टवर उडवू नका. चांगलं हेल्मेट, घोट्यांना आधार देणारे बूट, नी-गार्ड आणि मातीत पकड धरणारे टायर घ्या. बाइक पुढच्या वर्षी बदलता येईल. गुडघा नाही बदलता येत, राव!