पिवळ्या आठवणीत थोडा निळा

आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा पाहिलेला सिनेमा म्हणजे पिक्सारचा ‘इनसाइड आउट’. २०१५ साली तो आला तेव्हा लेक आठ वर्षांची होती. मुलांचं कार्टून म्हणून मी पॉपकॉर्न घेऊन निवांत बसले.

अकरा वर्षांची रायली मिनेसोटा सोडून आईबाबांबरोबर सॅन फ्रान्सिस्कोला येते. तिच्या डोक्यात आनंद, दुःख, राग, भीती, किळस ही पाच मंडळी. दिग्दर्शक पीट डॉक्टर यांची मुलगी त्याच वयात अबोल झाली, त्यावरून ही कल्पना सुचली. (जपानी प्रतीत छोटी रायली ब्रोकोलीऐवजी ढोबळ्या मिरचीला नाक मुरडते. आपल्याकडे कारलं चाललं असतं!)

एका प्रसंगाला मात्र माझा घास अडकला. रात्री आई रायलीला सांगते, बाबांवर ताण आहे, आपण दोघी हसत राहिलो तर त्यांना मदत होईल. पुण्याहून डॅलसला आलो तेव्हा मी लेकीला अगदी हेच सांगितलं होतं. आणि दर रविवारी फोनवर आईला, “इकडे सगळं मस्त आहे गं!”

शेवटी रायली रडते, बाबाही जुन्या गावाची आठवण येते म्हणतात, आणि पिवळ्या-निळ्या रंगांची एक नवी आठवण तयार होते.

त्या रात्री लेकीने विचारलं, “आई, तू कधी रडतेस?”

“आंघोळ करताना.”

“मी स्कूलबसमध्ये.”

रविवारी आईला खरं सांगितलं. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “वाटलंच होतं मला. तुझी खोली रोज झाडते हो मी अजून.”