मनाच्या जखमेस आधार कोणाचा?

शरीरास जखम झाली म्हणजे घरांतील लहानथोर सारेच धांवून येतात. कोणी पाणी आणतो, कोणी पट्टी बांधतो, कोणी डॉक्टरांस बोलावतो. परंतु जखम मनाची असली, कीं तेंच घर गप्प बसतें, किंवा “झालें तें झालें, आतां विसरून जा” एवढें बोलून मोकळें होतें. सुशिक्षित कुटुंबांनीं याचा विचार करावा असें आम्हांस वाटतें.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांवर अशा जखमा करणारे प्रसंग थोडेथोडके आले नाहींत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनेच्या भूकंपानें पाटणकडील गांवें हादरलीं. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीस आयर्विन पुलाजवळ कृष्णेचें पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी मागें टाकून ५७ फुटांपर्यंत चढलें. त्याच पुरांत ब्रह्मनाळ येथें माणसांस सुरक्षित जागीं नेणारी नाव उलटली. जुलै २०२१ मध्यें पाटण तालुक्यांत आंबेघर, मिरगांव व ढोकावळे येथें दरडी कोसळल्या, आणि घरें माणसांसह मातीखालीं गेलीं. पाणी ओसरतें, भिंती पुन्हां उभ्या राहतात. पण पुढल्या पावसाळ्यांत नुसत्या सरींच्या आवाजानें ज्याची झोंप उडते, त्याचा पूर अद्याप ओसरलेला नसतो.

अशा माणसास मनोविकारतज्ज्ञाकडे नेणें हें पहिलें कर्तव्य होय. परंतु तज्ज्ञाची भेट आठवड्यांतून किंवा महिन्यांतून एकदां, आणि तीहि फार तर तासाभराची. उरलेले दिवस व उरलेल्या रात्री कोणाच्या भरंवशावर काढावयाच्या? दुःखी माणसाभोंवतीं आधार देऊं पाहणारे पुष्कळ जमतात; त्यांतील सारेच विश्वासास पात्र नसतात.

या बाबतींत साताऱ्यानें एक उपयुक्त वाट दाखविली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं तेथें स्थापिलेल्या ‘परिवर्तन’ संस्थेनें व्यसनमुक्तीबरोबरच मनाच्या आरोग्याचें काम चालविलें, आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर यांनीं ‘मानसमित्र’ व ‘भावनिक प्रथमोपचार’ या कल्पना लोकांपर्यंत नेल्या. मानसमित्र हा डॉक्टर नव्हे. तो शांतपणें ऐकून घेतो, आणि दुखणें आपल्या शक्तीबाहेरचें दिसतांच तज्ज्ञाकडे पाठवितो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०११ सालीं काढलेल्या मार्गदर्शिकेंतहि आपत्तींत सांपडलेल्यांसाठीं हाच क्रम सांगितला आहे: पाहावें, ऐकावें, योग्य मदतीशीं जोडून द्यावें. घडलेला प्रसंग सांगण्याचा आग्रह कोणासहि करूं नये, हेंहि तींत बजाविलें आहे. आपल्याकडे समाचारास येणारा प्रत्येक जण “नेमकें काय झालें?” असें विचारतो, तो नकळत जखमेची खपली काढीत असतो.

समदुःखी माणसांचा आधारहि मोठा असतो. पुण्याच्या मुक्तांगणानें व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठीं ‘सहचरी’ नांवाचा गट चालविला. जें सासरीं वा माहेरीं बोलतां येत नाहीं, तें तेथें बोलतां येतें.

मग विश्वासू कोणास म्हणावें? आमच्या मतें कसोट्या चार आहेत. जो ऐकलेलें गुप्त ठेवतो; जो चालू असलेलें औषध बंद करावयास सांगत नाहीं; जो मदतीच्या मोबदल्यांत पैसा किंवा भक्ति मागत नाहीं; आणि जो स्वतःची मर्यादा ओळखतो. यांपैकीं पहिली कसोटी एकत्र कुटुंबास सर्वांत अवघड जाते, कारण माजघरांत सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत ओसरीवर पोंचलेली असते. उरलेल्या तिहींवर भगत व देवऋषी बहुधा नापास होतात. भूत उतरविण्याच्या नांवाखालीं मारहाण करणें हा महाराष्ट्रांत गुन्हा आहे. ज्या कायद्यानें तो ठरला, त्यासाठीं डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षें झटले, आणि २०१३ सालीं त्यांच्या हत्येनंतर तो अस्तित्वांत आला.

घरांतील कर्त्या मंडळींनीं एवढें करावें. दुःखितानें ज्याच्यापाशीं मन मोकळें करावें असा एक माणूस त्यालाच निवडूं द्यावा. मग तो धाकटा दीर असो कीं चुलत बहीण असो. त्या माणसानें रोज अर्धा तास राखून ठेवावा. उपदेश करूं नये, दुसऱ्याच्या दुःखाशीं तुलना करूं नये. औषधाची वेळ व डॉक्टरांकडे जाण्याचा दिवस कोणीतरी आठवणीनें पाळावा. जीव देण्याची भाषा निघाली तर तिला धमकी किंवा नाटक समजूं नये. त्या माणसास एकटें सोडूं नये आणि तत्काळ रुग्णालय गांठावें.

१० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य व मराठींतूनहि मिळते. हा क्रमांक दिनदर्शिकेशेजारीं भिंतीवर लिहून ठेवावा. गरज पडेल त्या रात्रीं तो शोधीत बसण्याची पाळी येऊं नये.