उद्योगसंस्था आणि राज्य विधिमंडळ : संघर्षपूर्व संवादाची आवश्यकता

प्रस्तावना :
१९९१ च्या नव्या आर्थिक धोरणानंतर गुंतवणूक मिळविण्यासाठी राज्याराज्यांत स्पर्धा सुरू झाली. जमीन व पाणी हे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, तर वीज समवर्ती सूचीत येते. त्यामुळे मोठ्या प्रकल्पाचे भवितव्य बऱ्याच अंशी राज्य पातळीवर ठरते. असे असूनही अनेक कंपन्या मंत्री व सचिवांशी झालेल्या करारालाच राज्याची संमती समजतात. आमदारांची आठवण त्यांना वाद पेटल्यावरच होते. प्रस्तुत लेखात दाभोळ वीज प्रकल्पाच्या आधारे या प्रवृत्तीचा विचार केला आहे.

दाभोळचा अनुभव :
एन्रॉन कंपनीने जून १९९२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील या प्रकल्पासाठी सामंजस्य करार केला. डिसेंबर १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाशी वीजखरेदी करार झाला. नियोजित क्षमता २,०१५ मेगावॅट होती. स्पर्धात्मक निविदा मागविल्या गेल्या नाहीत आणि दराच्या अटी लोकप्रतिनिधींसमोर खुलेपणाने आल्या नाहीत. परिणामी १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत हा प्रकल्प प्रचाराचा मुद्दा बनला. सत्तांतरानंतर मुंडे समितीने आढावा घेतला आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी प्रकल्प रद्द केल्याचे विधानसभेत जाहीर केले. कालचे विरोधक आज सत्ताधारी होते आणि कंपनीला वाटाघाटी नव्याने कराव्या लागल्या. मे १९९९ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. परंतु दराचा प्रश्न कायम राहिल्याने २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबविली.

संवाद आणि प्रभाव यांतील भेद :
भारतीयांच्या 'शिक्षणासाठी' सुमारे २ कोटी डॉलर खर्च केल्याचे कंपनीच्या एका अधिकाऱ्याने १९९५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर सांगितले होते. या खर्चाने विश्वास वाढण्याऐवजी संशयच बळावला. यावरून खर्च म्हणजे संवाद नव्हे, हे स्पष्ट होते. लाच घेणाऱ्या लोकप्रतिनिधीस सभागृहाच्या विशेषाधिकाराचे संरक्षण मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने मार्च २०२४ मध्ये दिला आहे. म्हणून संवाद उघड, लेखी आणि सर्वपक्षीय असावा. करारावर स्वाक्षरी होण्यापूर्वी दर, भूसंपादन, मोबदला व पाण्याचा वापर यांची माहिती स्थानिक आमदारांना तसेच विरोधी पक्षांना द्यावी. त्यांचे आक्षेप नोंदवून घ्यावेत आणि त्यांना उत्तरे द्यावीत. अन्यथा तेच आक्षेप पुढे तारांकित प्रश्न वा लक्षवेधी सूचनेच्या रूपाने सभागृहात येतात. तोवर पक्षांच्या भूमिका ताठर झालेल्या असतात.

निष्कर्ष :
केवळ संवादामुळे सदोष करार निर्दोष होत नाही. महागडी वीज चर्चेने स्वस्त झाली नसती. मात्र दोष वेळीच उघड झाला असता, तर भांडवल गुंतण्यापूर्वी अटी बदलणे किंवा प्रकल्पाचा नाद सोडणे शक्य होते. सरकारे बदलतात, विधिमंडळ ही संस्था कायम राहते. तिचा विश्वास आधी संपादन करणे हे कंपनीच्या हिताचे आहे. वीजबिल भरणाऱ्या नागरिकाच्या हिताचे तर त्याहून अधिक आहे.